मारबतीच्या दिवशीचं भांडण आणि पीटी सरांची नोकरी

प्रश्न: सर, मुलगा बी.पी.एड. झाला. एका खासगी शाळेत पीटी शिक्षक म्हणून निवड झाली, पण पोलिस पडताळणीत ‘गुन्हा दाखल’ असा शेरा आला आणि शाळेने नकार कळवला. 2019 च्या मारबतीच्या मिरवणुकीत वस्तीतल्या मोठ्या पोरांची मारामारी झाली होती, त्यात याचंही नाव आलं. तेव्हा तो बारावीत होता. बाल न्याय मंडळात दोन तारखा झाल्या, समज देऊन सोडलं. आता म्हणतो, शाळा-बिळा नको, पार्सल पोचवीन. आमचं पोट्टं वाया गेलं का? – एक आई, महाल, नागपूर

ताई, मारबत इडापीडा घेऊन जाते म्हणतात, तुमच्या घरी ती उलट ठेवून गेलेली दिसते. पण पोट्टं वाया गेलेलं नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: बाल न्याय मंडळात समज देऊन सोडलं.

बाल न्याय कायदा, 2015. त्याचं कलम 74, पोटकलम 2. हा आकडा मुलाला पाठ करायला सांगा. अल्पवयीन मुलाच्या निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कलम 24 त्याच्याही पुढे जातं: अशा मुलाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही आणि मंडळाने ती नोंद नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. म्हणजे तो शेरा मुळात कागदावर यायलाच नको होता. मग आला कसा? भांडणात सज्ञान पोरंही होती, त्यामुळे एकाच एफआयआरमध्ये सगळ्यांची नावं गेली असणार. पडताळणी करणाऱ्याला नाव दिसलं, त्याने शेरा मारला. त्या नावाचं पुढे मंडळात काय झालं, ते बघायचं राहून गेलं.

शाळेवर मात्र एवढ्यात चिडू नका. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला शिक्षक, शिपाई, कंत्राटी माणूस, सगळ्यांचीच पोलिस पडताळणी करावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, त्यानंतर तर कोणतीही शाळा शेरा बघून बिचकणारच. माझी नातही शाळेत जाते, मलाही ही चाळणी हवीच आहे. आणि हे मारामारीचं प्रकरण आहे म्हणून मी इतक्या ठामपणे लिहितोय. लहान मुलाशी गैरवर्तनाचा आरोप असता तर माझा सूर वेगळा असता.

आता कामाचं. आधी मंडळाकडून निकालाची प्रमाणित प्रत काढा, आणि नोंद नष्ट करण्याचा आदेश झालेला नसेल तर त्याच फेरीत तो अर्जही द्या. मग ज्या कार्यालयाने पडताळणी केली तिथे एक पानी अर्ज: कलम 74(2) आणि 24 चा उल्लेख, सोबत निकालाची प्रत, मागणी एकच, शेरा काढून सुधारित अहवाल द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब बघतील’ हे उत्तर शिक्का नव्हे. त्याच दिवशी शाळेला पत्र द्या: नकाराचं कारण लेखी कळवा आणि सुधारित अहवाल येईपर्यंत जागा भरू नका. शाळा थांबेलच असं नाही, पण कारण कागदावर आलं की पुढची लढाई सोपी होते.

एवढं करूनही शेरा हलला नाही, तर सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे, तिथे राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका. ती पोलिसांच्या अहवालाविरुद्ध करा. खासगी शाळेला नोकरी द्यायला लावणं रिटमधून अवघड असतं. शाळा न्यायाधिकरणाचा सल्ला कोणीतरी देईलच, पण ते आधी नेमलेल्या आणि मग काढलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमचा मुलगा अजून रुजूच झालेला नाही. आणि न्यायालय ‘याला नेमा’ असं सहसा म्हणत नाही. निर्णय कायद्याप्रमाणे झाला का एवढं पाहतं, चुकला असेल तर पुन्हा विचार करायला परत पाठवतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मुलांसोबत काम करण्याची परवानगी नाकारली तर पूर्वी 28 दिवसांत थेट न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. आपल्याकडे असं खास दार नाही, रिटचाच रस्ता. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील फुकट मिळतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि मला तीच खुपतेय. फॉर्ममध्ये ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा रकाना असतो. त्याने काय लिहिलं? अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की माहिती लपवली असेल तरी गुन्हा किती किरकोळ होता हे मालकाने पाहावं, डोळे झाकून काढू नये. पण ‘नाही’ लिहिलं असेल तर ते आपण आधी सांगायचं, समोरच्याने शोधून काढण्याआधी.

पार्सलचं म्हणाल तर दोन महिने पोचवू द्या, घरात बसून कुढण्यापेक्षा बरं. फक्त ‘शाळा नको, अकादमीत कोच होतो’ असं म्हणाला तर सांगा की क्रीडा अकादमीलाही तोच 2020 चा नियम आहे. शेरा तिथेही आडवा येईल, म्हणून तो आधी काढायचा. मधल्या काळात पतियाळाच्या एनआयएसच्या (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची जाहिरात आली तर अर्ज भरू द्या.

भेटायला याल तेव्हा त्यालाच पाठवा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. येताना भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणि शाळेचं निवडपत्र आणायला सांगा, रुजू होण्याची तारीख काय होती ते मला बघायचंय.