झाडावरचा साप पाळायचा, तर कोणता?

प्रश्न : मी अमेरिकेत, डॅलसजवळ राहतो. माझ्याकडे सात वर्षांपासून कॉर्न स्नेक (पाळायला सोपा, बिनविषारी साप) आहे आणि तो ठणठणीत आहे. आता झाडावर राहणारा हिरवा साप घ्यायचा आहे. ग्रीन ट्री पायथन घ्यावा की एमराल्ड ट्री बोआ? पिल्लू स्वस्त पडतं, शिवाय लहानपणापासून हाताळलं की माणसाळेल, असं वाटतं.

उत्तर : दोघांत ग्रीन ट्री पायथन घ्या, पण पिल्लू घेऊ नका. किमान वर्षभराचा, बंदिस्त प्रजननातून, म्हणजे पाळलेल्या सापांपासून जन्मलेला आणि गोठवून वितळवलेले उंदीर नियमित खाणारा घ्या. पैसे जास्त जातील, पण या सापाच्या बाबतीत ते सत्कारणी लागतात.

पिल्लू का नको, ते सांगतो. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू पिवळं किंवा विटकरी लाल असतं, वजन जेमतेम १० ग्रॅम. ते शेपटीने दांडी इतकी घट्ट धरतं की ओढून सोडवायला गेलं तर शेपटीचे मणके दुखावतात. पुढे तिथे कायमचा बाक येतो, कधी विष्ठा बाहेर पडायलाही त्रास होतो. म्हणजे माणसाळवण्यासाठी रोज हातात घेणं हेच नेमकं घातक. बरीच पिल्लं सुरुवातीला उंदराला तोंडही लावत नाहीत. वर्षभरात हा नाजूक काळ सरतो, बहुतेकांचा रंग हिरव्याकडे वळलेला असतो आणि स्वभावही कळतो.

एमराल्ड दिसायला तसाच, दांडीवर वेटोळं टाकून मधोमध डोकं ठेवणारा. पण ग्रीन ट्री पायथन न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा, अंडी घालणारा अजगर आहे, तर एमराल्ड दक्षिण अमेरिकेचा, थेट पिल्लांना जन्म देणारा बोआ. ओळखायचं तर ओठ बघा. एमराल्डच्या वरच्या-खालच्या दोन्ही ओठांवर, दोन-दोन खवल्यांच्या मधल्या जागेत खोल खाचा ओळीने दिसतात आणि नाकावरचे खवले मोठे असतात. पायथनच्या डोक्यावरचे खवले बारीक, दाणेदार असतात. एमराल्डचं पचन फार संथ असतं. लवकर-लवकर किंवा मोठं भक्ष्य दिलं की तो ओकतो, आणि एकदा ओकायला लागला की सावरणं कठीण जातं. कॉर्न स्नेकच्या अंदाजाने खाऊ घालणाऱ्याच्या हातून हीच चूक होते.

साप हातात घेण्याची हौस असेल, तर मात्र या दोघांचाही नाद सोडा आणि जंगल कार्पेट पायथन बघा. तो चढतोही, जमिनीवरही फिरतो, आणि लहान-सहान चुका सोसतो. ॲमेझॉन ट्री बोआ काटक असतो, पण चावरा.

खरेदी करताना विक्रेत्याकडे शेवटच्या सहा-सात जेवणांच्या तारखा मागा. ‘फार्ममध्ये वाढवलेला, इंडोनेशियाहून आणलेला’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. तिथून बंदिस्त प्रजननाच्या नावाने निर्यात झालेल्या ग्रीन ट्री पायथनांपैकी सुमारे ८० टक्के जंगलातून पकडलेले असावेत, असा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. असे साप जंत आणि ताण सोबत घेऊन येतात, आणि खरेदी केल्याने जंगलही रिकामं होतं. सापाचा कणा धारेसारखा वर आलेला नसावा, नाकातोंडाशी बुडबुडे नसावेत, शेपटी सरळ आणि गुदद्वार स्वच्छ असावं. घरी आणल्यावर ९० दिवस कॉर्न स्नेकपासून वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे आणि पाण्याची भांडीही वेगळी हवीत. या काळात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडून तोंडातला स्वॅब घेऊन नायडोव्हायरसची पीसीआर तपासणी करून घ्या. हा विषाणू पायथनांच्या श्वसनमार्गाला जडतो.

प्रौढ सापाला ९० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच पेटी पुरते. उंचीपेक्षा आडव्या दांड्यांना महत्त्व द्या. जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी, आणि दांडी खाचेतून उचलून काढता येईल अशी. साप हलवायचा झाला की दांडीसकट उचलायचा, म्हणजे शेपटी सोडवावीच लागत नाही. वरच्या दांडीवर एका बाजूला ३० अंश सेल्सियस, दुसऱ्या बाजूला २५. उष्णता वरून, पेटीच्या छताला बसवलेल्या तापणाऱ्या पॅनेलने द्या आणि तिला थर्मोस्टॅट लावाच. फवारा संध्याकाळी मारा. वेटोळ्यांवर साचलेलं पाणी साप जीभ लपलपवत पितो, ते त्याच वेळी दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटी वाळली पाहिजे. दमट जंगलातला साप म्हणून पेटी सतत ओली ठेवली, तर खवले सडतात आणि छाती भरते. उलट हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा कोरडी पडली की कात तुकड्यांनी निघते.

प्रश्न : आमचा ग्रीन ट्री पायथन तीन वर्षांचा आहे. दर आठवड्याला उंदीर देतो. पाच आठवडे झाले, विष्ठा केलेली नाही. काय करावं?

उत्तर : आधी खाणं थांबवा. या वयात दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो, तोही अंगाच्या जाडीपेक्षा किंचित बारीक. हा साप दिवसभर एकाच दांडीवर बसतो, त्यामुळे विष्ठा काही आठवडे धरून ठेवणं त्याला नवीन नाही. पण वरून दर आठवड्याला भर पडत राहिली आणि पाणी कमी गेलं, तर जोर करताना आतडं बाहेर येऊ शकतं. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात २८-२९ अंशांचं, अर्ध्या अंगापर्यंत येईल एवढंच पाणी घ्या, आत एक दांडी ठेवा आणि अर्धा तास सापाला त्यात राहू द्या. शेजारीच लक्ष ठेवून बसा. रात्री जागा बदलून दोन-तीन दांड्या लावा. हालचाल वाढली की बहुधा काम होतं. पोट चोळू नका. आठवडाभरात फरक पडला नाही किंवा शेपटीच्या बुडाशी टणक सूज दिसली, तर डॉक्टरकडे न्या. लाल मांसल भाग बाहेर दिसला, तर तो सलाइनने ओला ठेवा, आत ढकलू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : सावंतवाडीत आमच्या परसात हरणटोळ येतो. पकडून पाळता येईल का?

उत्तर : नाही. आपल्याकडचे साप पकडणं आणि बाळगणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. हरणटोळ, मांजऱ्या, चापडा सगळे त्यात आले. त्यातून हरणटोळाला सरडे आणि बेडूक जिवंत लागतात, आणि पेटीत ठेवला की बहुधा तो खाणंच सोडतो. परदेशी साप बाळगायचा असला, तरी त्याचं नाव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असेल तर केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. परसातल्या हरणटोळासाठी कुंपणावरची वेल तेवढी राहू द्या. पानांत लांबट हिरवं डोकं आणि डोळ्यातली आडवी बाहुली शोधून काढायला वेळ लागतो, पण तो तिथेच असतो.