पांढऱ्या मुळ्या दाट, मग युरिया कमी का झाला नाही?

प्रश्न : ज्वारीच्या बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत लावलं. पांढऱ्या मुळ्या दाट सुटल्या, पण युरिया फारसा वाचला नाही. दुकानदार म्हणतो, पुढच्या वेळी दुप्पट पाकिटं लावा आणि वर संजीवकाचा, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्याचा, फवारा घ्या. जिवाणू खतावर अनुदान आहे का?

उत्तर : दुप्पट लावू नका. संजीवकही घेऊ नका, ते तुमच्या मुळाशी तयार होतंच आहे.

अ‍ॅझोटोबॅक्टर हा जिवाणू मुळांवर गाठी करत नाही, मातीत मोकळा राहतो. हवेतलं नत्र तो थोडंच बांधतो, आणि शेतात युरिया भरपूर असेल तर तेही काम थांबवतो. मुळातून पाझरणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तो इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे ऑक्झिन हे संजीवक, बनवतो. जिबरेलिन, सायटोकायनिन ही दुसरी संजीवकं थोडी थोडी. अ‍ॅझोस्पिरिलम या दुसऱ्या जिवाणूचंही तेच, त्याचे नत्र न बांधणारे प्रकार लावले तरी मुळं वाढलेली प्रयोगांत दिसली आहेत. तुम्ही पाहिलेल्या मुळ्या या ऑक्झिनमुळेच. एक रोप अलगद उपटून हलकेच झटका, केसासारख्या मुळ्यांना माती चिकटून राहते. तेवढ्या जास्त मातीतून पाणी आणि स्फुरद ओढलं जातं.

आता दुप्पट का नको ते नीट ऐका. ऑक्झिन थोडं असेल तर मुळं फुटतात, जास्त झालं की मुळाची लांबी खुंटते. बियाण्यावर जिवाणूंचा थर वाजवीपेक्षा जाड बसला तरी हेच होतं. आखूड, जाडसर मुळं झालेली रोपं मी कितीतरी शेतांत पाहिली आहेत, आणि दरवेळी पाकिटं जास्त लावलेली असतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बस. दुकानदार पाकिटं विकतो, मुळं उपटून बघत नाही.

पाकीट बियाण्याला चिकटवायला केलेलं गुळाचं पाणी पूर्ण थंड होऊ द्या, कोमट पाण्यातसुद्धा घाई नको. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. बियाणं सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलं किंवा रासायनिक खतात मिसळलं तर जिवाणू गेलेच समजा. पाकिटावरची अंतिम तारीख दुकानातच बघा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊच नका.

अनुदान योजनेप्रमाणे बदलतं, खरेदीआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

माझा खरा आग्रह शेणखताचा आहे. या जिवाणूचं पोट सेंद्रिय कर्बावर भरतं. कर्ब नसलेल्या जमिनीत लावलेलं पाकीट उपाशी मरतं. चांगलं कुजलेलं शेणखत पेरणीआधी, जमिनीत ओल असताना मिसळा. कच्चं शेण नको, त्यानं नत्र अडकतं आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते. आम्ल जमिनीत हा जिवाणू नीट टिकत नाही, तिथे आधी माती तपासून चुन्याचं बघा. युरिया माती परीक्षणाप्रमाणे, हप्त्यांत विभागून द्या. शेताची एक पट्टी जिवाणू खत न लावता पेरा आणि तीन आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं उपटून मुळं शेजारी शेजारी धुऊन बघा.