वडिलांच्या फंक्शनल एमआरआयमध्ये सिग्नल तरुणांपेक्षा कमी आला. मेंदू मंदावला असं समजायचं का?

नाही, तेवढ्यावरून नाही. तुमचे वडील ७१ वर्षांचे, स्कॅन संशोधनासाठीचा, आणि तिथला मुलगा सहज बोलून गेला. मी परळला एमआरआय मशीनवर काम करतो. असं बोलून घरच्यांची झोप उडवणारे आमच्याकडेही आहेत.

फंक्शनल एमआरआय म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन. पण मुळात हे मशीन मेंदूच्या पेशींचं काम थेट बघतच नाही, रक्त बघतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडतं आणि सिग्नल पडतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये यावरूनच ही पद्धत मांडली. गंमत पुढे आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त गरजेपेक्षा बरंच जास्त येतं. फॉक्स आणि राइकल या संशोधकांनी १९८६ मध्ये मोजलं, तर रक्तप्रवाह २९ टक्के वाढला होता, ऑक्सिजनचा खप जेमतेम ५ टक्के. म्हणजे ऑक्सिजन सोडलेलं रक्त तिथून वाहून जातं आणि पाचसहा सेकंदांत सिग्नल चढतो. पडद्यावर दिसतो तो हा सढळ पुरवठा.

वयाने नेमका हा पुरवठाच आखडतो. धमन्या ताठरतात, मूळचा प्रवाह कमी होतो, गरज पडली की पटकन रुंदावणं जमत नाही. लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाइप गंजलेला होता, नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढी धार. पण धार बारीक म्हणून घरातल्यांची तहान कमी होती असं थोडंच!

मग धार कुठली आणि तहान कुठली, हे ओळखायचं कसं? श्वास रोखायला लावून. परवा एक सत्तरीच्या काकू होत्या. इंटरकॉमवरून सांगितलं, "काकू, आता श्वास धरा," आणि पंधरा सेकंद मोजले. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे विचार करायला काही दिलेलं नसतानाही मेंदूभर सिग्नल चढतो. तो कितपत चढला यावरून त्या माणसाच्या रक्तवाहिन्यांचा अंदाज येतो आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात. काकूंचा मात्र पहिला प्रयत्न फुकट गेला, कारण मधेच त्यांनी "सोडू का रे?" म्हणून विचारलं.

वडिलांना असं काही करायला लावलं होतं का, किंवा रक्तप्रवाह वेगळा मोजला होता का, ते त्या लोकांना विचारा. नसेल, तर तरुणांशी केलेल्या त्या तुलनेला फारसा अर्थ नाही. विसरभोळेपणा खरंच जाणवत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. ते निदान या सिग्नलवरून होत नसतं.

आणि हो, स्कॅनआधी त्यांनी चहा-कॉफी घेतली होती का? कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह चांगलाच घटतो. आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न तोच असतो आणि निम्मे लोक म्हणतात, "अर्धाच कप घेतला."