आईला ३० पैकी २० मिळाले, म्हणजे डिमेन्शिया झाला का?

(पत्र थोडक्यात: कराडजवळून एका लेकीने लिहिलंय. आई ७० वर्षांची, शाळा दुसरीपर्यंत, सगळं आयुष्य मंडईत भाजी विकली. बाबा रिटायर्ड हायस्कूल मास्तर. एका शिबिरात दोघांची मेमरी टेस्ट झाली, आईला ३० पैकी २०, बाबांना २८. तेव्हापासून भावाने आईचं पासबुक काढून घेतलंय आणि गल्ल्याला हात लावू देत नाही, आई गप्प गप्प असते. "ताई, आईला खरंच डिमेन्शिया झालाय का?" आणि शेवटी ता.क., बाबांनी लाईटबिल दोनदा भरलं, एकदा बँकेतून येताना रस्ता चुकले, पण २८ आहेत म्हणजे ते ओके ना?)

अगं बाळा, आधी ते पासबुक आईच्या हातात परत दे, बाकीचं नंतर बोलू. एका शिबिरातल्या एका आकड्यावर कुणाचा व्यवहार काढून घ्यायचा नसतो.

ही जी ३० मार्कांची टेस्ट असते ना, त्यातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. १०० मधून ७ वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखव, दोन पंचकोन एकमेकांत अडकलेत ते बघून काढ. आता सांग, ज्या बाईने दुसरीनंतर हातात पेन्सिल धरली नाही तिने पंचकोन कुठे काढायचा? यातलं बरंचसं काम शाळा शिकवते, मेंदू कितीही शाबूत असला तरी. १९९३ मध्ये अमेरिकेतल्याच १८ हजारांवर लोकांचे मार्क बघितले तर नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मधला स्कोअर २९ आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२ निघाला. म्हणजे तुझ्या आईचे २० तिच्यासारख्यांच्या जवळपासच आहेत, भाऊ ते बाबांच्या २८ शेजारी ठेवून बघतोय तिथेच चुकतंय.

आपल्याकडे हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमधून म्हाताऱ्या माणसांची तपासणी करायची होती तेव्हा संशोधकांनी ही टेस्टच बदलून घेतली, लिहायच्या ऐवजी तोंडी वाक्य सांगायला लावलं, आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. पोर्तुगालमध्ये तर अजून छान गोष्ट दिसली, शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांना मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगा म्हटलं तर शिकलेल्या पुढे, पण दुकानात मिळणाऱ्या खायच्या वस्तू सांगा म्हटल्यावर फरक जवळजवळ गेलाच!! तुझ्या आईला मेथीच्या पेंढीचा भाव, कुणाची किती उधारी, पाचशेच्या नोटेची मोड हे विचारून बघ ना, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांपूर्वी ती हे जसं करायची तसंच आजही करते का ते बघ. डिमेन्शिया म्हणजे माणूस स्वतःच्याच आधीच्यापेक्षा खाली येणं आणि त्याने रोजची कामं अडणं, दुसऱ्यापेक्षा कमी मार्क पडणं नाही.

म्हणून मला खरी काळजी तुझ्या ता.क. ची वाटते गं. बाबा पस्तीस-चाळीस वर्षं शिकवत होते, तारीख, वजाबाकी, आकृती हे त्यांच्या हाताखालचं, त्यामुळे आजार सुरू झाला तरी ते बराच काळ मार्क काढू शकतात. शिक्षणाने मेंदूला एक शिल्लक मिळते असं डॉक्टर म्हणतात, लक्षणं उशिरा दिसतात, पण दिसायला लागल्यावर मग उतरण कधीकधी भराभर होते. बिल दोनदा भरणं, ओळखीचा रस्ता चुकणं हे मास्तरांसाठी नवीन आहे ना? मग २८ वर विसंबू नकोस.

आईलाही दाखव मात्र, तिचे मार्क कमी म्हणजे काहीच नाही असंही मी म्हणत नाही. शाळा कमी झालेल्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त असतो हे खरंच आहे. कान तपासून घे, शिबिराच्या गोंगाटात प्रश्नच नीट ऐकू आला नसेल. दोघांचं बी-१२, थायरॉइड, शुगर बघून घ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर सगळी स्ट्रिप घेऊन जा, आणि आई पासबुक गेल्यापासून गप्प आहे ते वेगळं सांग, उदासीनेही विसरायला होतं. न्यूरॉलॉजिस्टला आधीच सांग की आई दुसरी शिकलीय, मराठीतून आणि शिक्षणाचा हिशोब धरून टेस्ट करा. सहा महिन्यांनी-वर्षाने तीच टेस्ट परत घेतली की तिची तुलना तिच्याशीच होईल.

अपॉइंटमेंट बाबांची पहिली घे. भावाला बरोबर ने, डॉक्टरांसमोर बिलाचं आणि रस्त्याचं त्यालाच सांगू दे, तारखा आठवत असतील तेवढ्या आजच लिहून ठेव.