चर्चमध्ये सेवा करतो, पण नाव घेतलं नाही की राग येतो. हा गर्व कसा घालवू?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं चर्चमध्ये सेवा करताय, यंदा नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना तुमचं नाव राहून गेलं आणि तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही. मी पाळक नाही. नाशिकच्या एका मंडळीत १४ वर्षं खजिनदार होतो आणि याच जागी ठेचकाळलोय, म्हणून लिहितो.

कमिटीत नव्याने आलेला एक तरुण एकदा म्हणाला, "काका, दर तीन महिन्यांनी हिशेब दुसऱ्या कुणी तपासला तर बरं होईल." एवढंच. पण माझ्या डोक्यात सणक गेली. दानपेटीतला रुपया कधी इकडचा तिकडे झाला नव्हता, पावती न पावती फाइलला लावलेली. वह्या टेबलावर आपटून मी घरी आलो. पुढचे तीन रविवार उपासनेला गेलो, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

त्याच दिवसांत बायबलमधल्या लूकच्या १८व्या अध्यायातला येशूने सांगितलेला दाखला पुन्हा वाचला: मंदिरात प्रार्थना करायला आलेला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोक ज्याला पापी समजत). संडे स्कूलपासून परूशी म्हणजे ढोंगी, एवढंच डोक्यात बसलेलं. या वेळी लक्षात आलं की हा माणूस कुठेच खोटं बोललेला नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो. प्रार्थनेची सुरुवातही आभारानेच करतो. फक्त देवासमोर उभं राहून त्याचं लक्ष त्या जकातदाराकडे आहे, आपण त्याच्यासारखे नाही याकडे. माझा हिशेबही खराच होता! चांगल्या कामाच्या आधाराने वाढलेला गर्व ओळखू येत नाही, कारण त्याच्यापाशी पुरावे असतात.

म्हणून 'आजपासून नम्र व्हायचं' असं ठरवून काही साधत नाही, असं माझं मत आहे. लक्ष पुन्हा स्वतःवरच राहतं. चारचौघांत 'मी कसला, मी तर पापी' म्हणत राहण्यातही समोरच्याने 'छे छे' म्हणावं ही आशा असते.

मला वाट दाखवली ती योहानाच्या १३व्या अध्यायाने. येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग आपण सेवेचा धडा म्हणून वाचतो. तुम्ही या वेळी पेत्र या शिष्याकडे बघा. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, असं तो म्हणतो. ऐकायला किती नम्र! पण येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दुसऱ्याचे पाय धुताना निदान आपण देणारे असतो. आपला धुळीने भरलेला पाय कुणापुढे करणं जास्त जड जातं. मी वह्या घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. कापणीच्या सणाच्या जमेत २३०० रुपयांचा फरक निघाला, बेरीज मीच चुकवलेली. त्याने पेन्सिलीने खूण केली, पान उलटलं आणि आईला चहा टाकायला सांगितला.

आता तुमच्यासाठी. एक काम असं धरा की जे कुणाला कळणार नाही, बायकोलाही नाही. आणि तुमची सेवा कशी चाललीय हे तुमच्याहून लहान असलेल्या कुणाला तरी विचारा, उत्तर पूर्ण ऐका, खुलासा देऊ नका. (कुणी तुमचा अपमान करत असेल, पिळवणूक करत असेल, तर ते सोसणं म्हणजे नम्रता नव्हे. तिथे बोला.)

नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाताना मला जेकब वेनराइट आठवतो. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना शरणपूरच्या मिशनमध्ये आसरा मिळाला होता, त्यांतला तो एक. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा जेकब त्याच्या तुकडीत होता. लिव्हिंगस्टनचं हृदय जिथे पुरलं तिथल्या झाडावर जेकबने लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं. मग तो आणि त्याचे सोबती कित्येक महिने चालून ते शव किनाऱ्यापर्यंत घेऊन आले. त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण आमच्या चर्चच्या इमारतीच्या कोनशिलेवर कुणाकुणाची नावं घालायची यावर वाद चालला होता, तेव्हा हा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी माझं नाव मागे घेतलं.

अजूनही अहवाल वाचताना कान टवकारतात. तेव्हा मी डोळे मिटतो आणि त्या खूण करणाऱ्या मुलासाठी प्रार्थना करतो. आज रात्री तुमच्यासाठीही करीन.