सर्वांत मोठा दिवस घरी साजरा करताना

प्रश्न : युरोपातील प्राचीन निसर्गपूजकांप्रमाणे २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये साजरा करावा, अशी मुलीची इच्छा आहे. तो कसा करावा?

उत्तर : अवश्य करावा. तिकडे शेकोट्या पेटवतात, फुलांचे मुकुट घालतात आणि इंग्लंडमधील स्टोनहेंज येथे सूर्योदयाची वाट पाहतात. फ्लॅटमध्ये समई आणि मोगऱ्याचा गजरा पुरेसा आहे. मला मात्र दुपार अधिक मोलाची वाटते, कारण नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्या दिवशी साधारण १२ वाजून ३७ मिनिटांनी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला येतो आणि, ढग नसल्यास, गच्चीवर उभ्या केलेल्या काठीची आखूड सावली दक्षिणेकडे पडते. ती सावली मुलीला खडूने आखू द्यावी.