गोचीड कुत्र्यावर कमी, चिऱ्यात जास्त

प्रश्न : आमचा गावठी कुत्रा १५ किलोचा. दर महिन्याला मानेवर फिप्रोनिल या गोचीडनाशक औषधाचे थेंब घालतो, तरी पडवीच्या भिंतीवर गोचड्या चढताना दिसतात. वर्षात दोनदा एर्लिकिया या जंतूचा गोचीडताप आला. दहा दिवस गोळ्या दिल्या की बरा होतो, मग पुन्हा आजारी. काय चुकतंय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : गोचड्या भिंतीवर दिसतात, तिथंच खरी मेख आहे. तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरून गळून पडते, भिंत चढते आणि चिऱ्याच्या भोकांत, चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते. आयुष्यात तीनदा ती कुत्र्यावर येते, बाकी मुक्काम भिंतीत. मोठी गोचीड तर उपाशी राहून वर्षभरही तग धरते.

म्हणून कुत्रा झोपतो तिथली भिंत टॉर्चने वाशापर्यंत तपासा. सांधे सिमेंटने बुजवा, शक्य असेल तर गिलावाच करा. त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यात घाला. मग डेल्टामेथ्रीन हे कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारा. त्याने अंडी सहसा मरत नाहीत, त्यामुळे एका फवारणीवर थांबलात तर नवी पिढी येणारच. दर दोन-तीन आठवड्यांनी, निदान तीन महिने फवारा. जागा सुकेपर्यंत कुत्रा-मांजर लांब ठेवा. विहीर आणि व्हाळ (ओढा) यांच्याजवळ मात्र अजिबात नको, मासे मरतात.

थेंब केस बाजूला सारून थेट कातडीवर पडायला हवेत. केसांवर ओतलेलं औषध वाया जातं. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. रोज समुद्रात डुंबणारा कुत्रा असेल तर गोचीड मारणाऱ्या खायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर तेही सांगा.

सर्वांत मोठी चूक दहा दिवसांची. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस लागतं, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला १५० मिलिग्रॅम. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जेवायला लागतो, पण जंतू शरीरात असतात. गोळी जेवणासोबत द्या, दुधातून नको. दुधातलं कॅल्शियम औषध बांधून ठेवतं.

दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा रक्ताची काच (स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती का? बॅबेसिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी असेल तर नुसतं डॉक्सिसायक्लिन पुरत नाही, वेगळं औषध लागतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.